ताईंना ऑटोइम्यून हेपेटायटिस आहे. मग धाकट्या बहिणीने जनुकतपासणी करावी का?

प्रश्न विचारणाऱ्या भगिनी इंदूरच्या असून त्यांचे वय ३४ आहे. त्यांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईंना (वय ४१, सासर देवासचे), गेल्या वर्षी ऑटोइम्यून हेपेटायटिस (स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटल्याने यकृताला येणारी सूज) असल्याचे सांगण्यात आले. आईला बऱ्याच वर्षांपासून थायरॉइडची गोळी चालू आहे. एका लॅबने कुटुंबीयांसाठी ‘एचएलए’ची जनुकतपासणी सुचवली असून तिचा खर्च माणशी अठरा हजार रुपये सांगितला आहे. ही तपासणी स्वतःची आणि नऊ वर्षांच्या मुलीची करून घ्यावी का, असा त्यांचा प्रश्न आहे. जाताजाता त्यांनी आणखी दोन गोष्टी लिहिल्या आहेत: आईवडील आते-मामे भावंडे आहेत, आणि आईचा सख्खा भाऊ एकोणतिसाव्या वर्षी काविळीने गेला, शेवटी शेवटी त्याचे हात थरथरत असत. ताईंच्या मुलीसाठी स्थळे पाहणे सुरू असल्यामुळे ‘हे तुमच्या घराण्यात आहे का’ हा प्रश्नही घरात वारंवार निघतो.

मी इंदुरात पंचवीसएक वर्षे यकृताचे आजार पाहतो आहे आणि अशा प्रकारचा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी विचारला जातो. तुमच्या लॅबच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: तुमची आणि मुलीची एचएलए तपासणी करू नका. परंतु तुम्ही जाताजाता लिहिलेल्या त्या दोन गोष्टी मला त्या अठरा हजारांच्या तपासणीपेक्षा फार महत्त्वाच्या वाटतात, आणि म्हणून हे उत्तर लांबणार आहे. ताईंचे कागद मी पाहिलेले नाहीत. त्यांची बायॉप्सी झाली होती का, कोणती प्रतिपिंडे (शरीराच्या स्वतःच्याच पेशींविरुद्धची) सापडली, आयजीजी (रक्तातील एक प्रकारच्या प्रतिपिंडांचे प्रमाण) किती होते, यांवर पुढचे बरेच काही अवलंबून आहे. तेव्हा जेथे जेथे ‘जर’ येईल, तेथे तो जर गंभीरपणे घ्यावा.

आधी एचएलए म्हणजे काय ते पाहू, कारण हा शब्द लोकांच्या कानावर किडनीच्या प्रत्यारोपणाच्या निमित्ताने किंवा पाठीच्या दुखण्यातल्या ‘बी२७’ या तपासणीमुळे पडलेला असतो. ही जनुकांची एक दाट वस्ती आहे आणि ती सहाव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर असते. शरीरातील काही पहारेकरी पेशी आजूबाजूच्या प्रथिनांचे बारीक तुकडे करून ते आपल्या पृष्ठभागावर मांडतात, आणि टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ते तुकडे पाहून हा आपला की परका याचा निवाडा करतात. तुकडा ज्यात ठेवून दाखवला जातो ते पात्र एचएलएचे असते. मी रुग्णांना कागदाच्या मागे द्रोण काढून दाखवतो. द्रोण सगळे सारखेच दिसले तरी पाने कशी दुमडली आणि काडी कोठे टोचली यावर त्यात काय नीट बसेल आणि काय सांडेल हे ठरते. कोणाचा द्रोण असा असतो की यकृतातील एखाद्या प्रथिनाचा तुकडा त्यात अगदी घट्ट बसतो, आणि मग टी पेशींच्या नजरेस तो वारंवार पडत राहतो. या आजारात जे डीआर प्रकारचे द्रोण बदनाम झाले त्यांत हा फरक कधी कधी साखळीतील एकाहत्तराव्या जागेवरील एकाच अमिनो आम्लाइतका लहान असतो: तेथे लायसिन बसले आहे की दुसरे काही, यावर खळग्याचा विद्युतभार बदलतो.

हा संबंध नवा नाही. स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९५० मध्ये तरुण स्त्रियांमधील, रक्तातील गॅमा ग्लोब्युलिन खूप वाढलेल्या हेपेटायटिसचे वर्णन केले, आणि १९७२ पर्यंत एचएलएच्या ‘बी८’ या प्रकाराशी त्याचे नाते ऑस्ट्रेलियातून दाखवले गेले होते. पुढे खरा संशय डीआर३ आणि डीआर४ यांच्यावर स्थिरावला. उत्तर युरोपीय वंशाच्या रुग्णांत डीआर३ असणाऱ्यांना आजार कमी वयात आणि जोरात होतो, तर डीआर४ असणाऱ्यांना तो उशिरा होतो आणि औषधाला बरी दाद देतो, असे साधारण चित्र आहे. जपानमध्ये मात्र डीआर४चाच दुसरा उपप्रकार पुढे येतो, आणि दक्षिण अमेरिकेतील मुलांत डीआर१३. म्हणजे एकाच आजाराचे जनुकीय दार निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या ठिकाणी उघडते. लॅबच्या अहवालात ‘तुमचा धोका इतका पट’ असा जो तक्ता छापलेला असतो, तो बहुधा युरोपीय रुग्णांवरून काढलेला असतो. माळव्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला तो जसाच्या तसा लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाने शिवलेला अंगरखा घालणे आहे.

समजा मापही आपलेच आहे. तरी हिशेब करून पाहा. उत्तर युरोपात डीआर३ साधारण पाचांपैकी एका माणसात असतो. हा आजार तेथे एक लाखात ढोबळमानाने वीस जणांना असतो आणि त्यांतील निम्म्यांच्या आसपास रुग्णांत डीआर३ सापडतो. म्हणजे एक लाख लोकांत वीस हजार जण डीआर३ बाळगून आहेत, आणि त्यांतील दहा जणांना आजार आहे. उरलेल्या एकोणीस हजार नऊशे नव्वद जणांना तो नाही. तुमच्या हातात ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेला कागद आला तर तुम्ही या वीस हजारांच्या जमावात उभ्या आहात एवढाच त्याचा अर्थ. आणि ‘निगेटिव्ह’ आला तर निश्चिंत व्हावे अशीही सोय नाही, कारण उरलेले दहा रुग्ण त्याच निगेटिव्ह गटातले आहेत.

आणखी एक गोष्ट मला नेहमी बोलकी वाटते. या आजाराच्या निदानासाठी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने १९९९ मध्ये गुणांची जी सुधारित पद्धत केली होती, तिच्यात डीआर३ किंवा डीआर४ असल्यास एक गुण मिळत असे. २००८ मध्ये तीच पद्धत रोजच्या कामासाठी सोपी करण्यात आली, तेव्हा प्रतिपिंडे, आयजीजी, बायॉप्सी आणि विषाणूजन्य कावीळ नसणे एवढ्या चारच गोष्टी ठेवल्या गेल्या आणि एचएलएचा तो एक गुण वगळण्यात आला. आजारी माणसाच्या निदानातूनही ज्या तपासणीला रजा मिळाली, ती निरोगी बहिणीच्या भविष्यासाठी विकत घेण्याचे कारण मला दिसत नाही.

‘पण रक्ताचे नाते आहे, धोका तर वाढतच असेल ना?’ वाढतो. डेन्मार्कमध्ये देशभरातील नोंदी जुळवून २०१८ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात रुग्णांचे आईवडील, भावंडे आणि मुले यांना हा आजार होण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे पाचपट निघाले. पाचपट हा शब्द ऐकून छातीत धस्स होते. परंतु त्याच अभ्यासात पुढील दहा वर्षांतील प्रत्यक्ष धोका हजारात एक इतकाच होता. अगदी छोट्या संख्येची पाचपट अजूनही छोटीच असते. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांत, म्हणजे जनुके तंतोतंत सारखी असूनही, एकाला आजार असताना दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण नऊ टक्क्यांच्याही आत राहिले. जनुके दाराची कडी सैल करतात. दार ढकलणारे दुसरेच कोणीतरी असते, आणि ते कोण याचा पत्ता बहुतेक वेळा लागत नाही.

येथे एक सावधगिरी सांगायला हवी. यकृताचा ऑटोइम्यून आजार हा एक नाही. ताईंच्या फाइलमध्ये ‘एएमए पॉझिटिव्ह’ (पेशींतील मायटोकॉन्ड्रियाविरुद्धची प्रतिपिंडे सापडली) असे लिहिले असेल, आणि एसजीपीटीपेक्षा (यकृताच्या पेशींना इजा झाल्याचे दाखवणाऱ्या आकड्यापेक्षा) अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्तमार्गाचा त्रास दाखवणारा आकडा) अधिक वाढलेले असेल, तर तो प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस (यकृतातील बारीक पित्तनलिकांचा ऑटोइम्यून आजार) असू शकतो, ज्याला २०१५ पर्यंत ‘प्रायमरी बिलिअरी सिऱ्होसिस’ या नावाने ओळखले जाई. या आजारात घराण्याचा ओढा बराच जास्त असतो. एकबीज जुळ्यांच्या आठ जोड्या तपासल्या तेव्हा पाच जोड्यांत दोन्ही भावंडांना तो निघाला होता. तसे असेल तर चाळिशीच्या पुढे तुमचे अल्कलाइन फॉस्फेटेज एकदा पाहणे योग्य ठरेल. तरीही एचएलए नाही.

आता मामांकडे वळू.

एकोणतीस वर्षांचा तरुण, कावीळ, हातांना थरथर. तुमच्या आजोळी त्याला कावीळ म्हटले गेले हे स्वाभाविक आहे, त्या काळी निम्म्या आजारांना तेच नाव होते. परंतु कोणत्याही यकृततज्ज्ञाला हे तीन शब्द एका ओळीत दिसले की त्याच्या मनात पहिले नाव विल्सनच्या आजाराचे येते. यात यकृतातील तांबे पित्तावाटे बाहेर टाकणारे प्रथिन बिघडलेले असते. त्याचे जनुक, एटीपी७बी, तेराव्या गुणसूत्रावर असते. तांबे आधी यकृतात आणि मग मेंदूत साचते, म्हणून कावीळ आणि थरथर एकाच माणसात दिसतात. त्या थरथरीचे दुसरेही कारण असू शकते, हेही सांगतो: यकृत अगदी निकामी झाले की शेवटच्या दिवसांत हात फडफडतात, आणि ते कोणत्याही आजारात होते. म्हणून थरथर शेवटच्या आठवड्यातली होती की सहा महिने आधीपासून चहाचा कप धरता येत नव्हता, अक्षर बिघडले होते, बोलणे जड झाले होते, हे आईंना किंवा मामींना नीट विचारा. या एका प्रश्नाचे उत्तर कोणत्याही लॅबकडे मिळणार नाही.

याचा ताईंशी काय संबंध? विल्सनचा आजार ऑटोइम्यून हेपेटायटिसचे सोंग उत्तम घेतो. त्यात एएनए (पेशीकेंद्राविरुद्धची प्रतिपिंडे) पॉझिटिव्ह येऊ शकते, आयजीजी वाढू शकते, बायॉप्सीत तशीच सूज दिसू शकते, आणि स्टेरॉइड दिल्यावर काही काळ आकडे सुधारूही शकतात, त्यामुळे डॉक्टर आणि रुग्ण दोघेही फसतात. तो मुलांचा आणि तरुणांचा आजार आहे हे खरे. परंतु केवळ एकेचाळीस वर्षे वय आहे म्हणून तो नाकारता येत नाही.

आणि येथेच आईवडिलांचे नाते महत्त्वाचे ठरते. ऑटोइम्यून हेपेटायटिसमध्ये अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो, त्यामुळे मामेबहिणीशी लग्न केल्याने तेथे फारसे काही घडत नाही. विल्सनमध्ये मात्र एकच जनुक असते आणि आजार होण्यासाठी त्याची बिघडलेली प्रत आई आणि वडील दोघांकडून यावी लागते. समजा, मामांना विल्सन होता. मग तुमच्या आईचे आईवडील दोघेही एकेक बिघडलेली प्रत बाळगणारे होते. तुमची आई स्वतः निरोगी आहे, तेव्हा तिच्याकडे अशी प्रत असण्याची शक्यता तिनात दोन. तुमच्या वडिलांची आई ही तुमच्या आईच्या वडिलांची सख्खी बहीण. तिच्याकडे ती असण्याची शक्यता निम्मी, आणि तुमच्या वडिलांकडे चौथा हिस्सा. दोघांकडे असेल तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चौथा हिस्सा. तिन्हींचा गुणाकार केला की चोवीसात एक येते. इतर लोकांत हे प्रमाण ढोबळमानाने तीस हजारांत एक धरले जाते. हा हिशेब आमच्या बाह्यरुग्ण विभागात, समोर कुटुंबाची वंशावळ गोल आणि चौकोन काढून मांडली, की दोन मिनिटांत होतो; पण मामा कशाने गेले हे कोणी विचारलेच नाही तर होत नाही.

म्हणून ताईंच्या डॉक्टरांना विनयाने तीन गोष्टी विचारा: सेरुलोप्लाझ्मिन (रक्तातील तांबे वाहून नेणारे प्रथिन, विल्सनमध्ये ते बहुधा कमी असते) झाले आहे का, चोवीस तासांच्या लघवीतील तांबे मोजले आहे का, आणि डोळ्याच्या डॉक्टरांकडून स्लिट लॅम्पवर बुबुळाच्या कडेचे तपकिरी-हिरवट कडे पाहिले आहे का. बहुतेक चांगल्या ठिकाणी हे आधीच झालेले असते आणि फाइलमध्ये कोठेतरी दडलेले असते. झाले नसेल तर सेरुलोप्लाझ्मिन साधे आले म्हणून सुटका मानू नये, कारण यकृताला सूज असताना ते खोटेच वर राहते. आणि कडे दिसले नाही म्हणूनही नाही, कारण केवळ यकृताचा विल्सन असलेल्या सुमारे निम्म्या रुग्णांत ते दिसत नाही. तिन्ही गोष्टी एकत्र वाचाव्या लागतात, आणि शंका उरली तर एटीपी७बी या जनुकाची तपासणी करावी. पाहा, जनुकतपासणीला माझा विरोध नाहीच. ती कोणाची, कोणत्या जनुकाची आणि उत्तर आल्यावर काय करणार, एवढे मात्र आधी ठरलेले असावे. ताईंना विल्सन निघाला तर तुम्हाला तो असण्याची शक्यता चारात एक होते, आणि तेव्हा तुमची तपासणी ही ऐच्छिक राहत नाही, कारण त्रास सुरू होण्याआधी झिंक किंवा तांबे बाहेर काढणारे औषध दिले तर हा आजार पूर्ण रोखता येतो.

ताईंचे निदान ऑटोइम्यून हेपेटायटिसचेच पक्के झाले, तर आणखी एक चौकशी राहते. आजार दिसण्याच्या आधीच्या काही महिन्यांत त्यांनी काय काय घेतले होते? लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दीर्घकाळ दिलेले नायट्रोफ्युरॅन्टॉइन आणि मुरमांसाठीचे मिनोसायक्लिन ही या बाबतीतली जुनी नावे आहेत. आपल्याकडे त्यांत गुळवेल जोडावी लागेल, जिला इंदुरात आपण सगळेच गिलोय म्हणतो. करोनाच्या काळात येथे घरोघरी कडुनिंबावर चढवलेल्या वेलीचे बोटभर तुकडे रोज सकाळी उकळले जात होते. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये अशा सहा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले, ज्यांच्या बायॉप्सीत ऑटोइम्यून हेपेटायटिससारखे चित्र होते; आयुष मंत्रालयाने त्याला जाहीर आक्षेप घेतला. त्या वादात मी येथे पडत नाही. माझ्या अनुभवापुरते सांगतो, की अशा काही स्त्रिया मी पाहिल्या आहेत, त्यांत थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार आधीपासून असणाऱ्या होत्या, आणि त्यांपैकी काहींचे आकडे काढा थांबवल्यावर खाली आले. तेव्हा तुमच्या घरात, जेथे आईला थायरॉइड आणि बहिणीला हा आजार आहे, तेथे प्रतिकारशक्ती ‘वाढवणारे’ काहीही न घेणे शहाणपणाचे. लॅबच्या कोणत्याही अहवालाविना देता येईल असा हा सल्ला आहे.

आता ज्या जनुकतपासणीवर मी स्वतः पैसे खर्च करायला सांगतो तिच्याविषयी. ती तुमची नाही, ताईंची आहे. या आजारात प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या जोडीला अ‍ॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले जाते, आणि काही लोकांचे शरीर ते औषध नीट निकामी करू शकत नाही. पाश्चात्त्य पुस्तकांत यासाठी टीपीएमटी या जनुकाचे नाव असते, आणि मीही वर्षानुवर्षे तेच तपासत होतो. फार वर्षांपूर्वी उज्जैनची एक शिक्षिका माझ्याकडे होती. टीपीएमटी उत्तम होते, म्हणून मी पूर्ण मात्रा सुरू केली आणि महिन्याने या असे सांगितले. त्या तिसऱ्याच आठवड्यात आल्या, डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला, आणि हातात दुधाची रिकामी पिशवी धुऊन तिच्यात भरून आणलेले केस. सकाळी फणी फिरवली तर वेणीच हातात आली, असे त्या म्हणाल्या. पांढऱ्या पेशी नऊशेवर उतरल्या होत्या. त्या वाचल्या, केसही परत आले, पण महिन्याने या असे सांगण्याची माझी चूक मी विसरलेलो नाही. २०१४ मध्ये कोरियातून एनयूडीटी१५ या जनुकाचा शोध प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या प्रकाराचा अर्थ मला लागला. या जनुकाचा बिघडलेला प्रकार युरोपात विरळा आहे, पूर्व आणि दक्षिण आशियात मात्र सर्रास आढळतो. आपल्याकडे शंभरात दहा-पंधरा जणांकडे त्याची निदान एक प्रत असते. दोन्ही प्रती तशा असतील तर नेमके हेच होते, केस आणि पांढऱ्या पेशी एकदम जातात. आता मी आधी ही तपासणी करतो, पंचवीस मिलिग्रॅमपासून सुरुवात करतो, आणि अहवाल कितीही चांगला असला तरी पहिले दोन महिने दर आठवड्या-दोन आठवड्यांनी रक्त पाहतो. ताई वर्षभर हे औषध विनात्रास घेत असतील तर त्यांना ही तपासणी आता लागणार नाही. औषध अजून सुरू व्हायचे असेल तर लागेल. आणि त्यांना एनयूडीटी१५चा दोष निघाला, तर तुम्हाला पुढे कधी हे औषध लागल्यास डॉक्टरांना ते सांगता येईल. बहिणीच्या अहवालाचा बहिणीला झालेला हा खरा उपयोग.

तुमच्या स्वतःच्या तपासणीत मी एवढेच सुचवीन: लिव्हर फंक्शन टेस्ट आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) एकदा, आणि मामांची हकिकत जुळत असेल तर सेरुलोप्लाझ्मिन व डोळ्यांची तपासणी. एएनए मागवू नका. निरोगी माणसांतही एकास चाळीस या पातळीवर (म्हणजे रक्तद्रव चाळीसपट पातळ करून तपासल्यावर) ते तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांत पॉझिटिव्ह येते आणि एकास ऐंशीवर शंभरातल्या तेरा जणांत. एकदा का तो शब्द कागदावर उमटला की पुढचे वर्ष त्याच्यामागे धावण्यात जाते. एसजीपीटी थोडे वाढलेले निघाले तरी लगेच ताईंचा आजार डोळ्यांसमोर आणू नका. या शहरात त्याचे पहिले कारण यकृतातील चरबी असते, आणि पोहे-जिलबीच्या नाश्त्यावर रोज मूठभर शेव भुरभुरणारे आपण सगळे तिचे मानकरी आहोत. एसजीपीटी नेहमीच्या मर्यादेच्या पाचपटीच्या पुढे असेल, किंवा प्रथिनांत ग्लोब्युलिन अल्ब्युमिनपेक्षा वर चढलेले असेल, तर मात्र भेटावे. ग्लोब्युलिनचा तो आकडा साध्या अहवालातच असतो आणि कोणी त्याकडे पाहत नाही.

मुलीचे सध्या काहीही तपासू नका. ती नऊ वर्षांची आहे, तिला त्रास नाही, आणि जन्मभर चिकटणारा एक एचएलएचा शिक्का तिने न मागता तिच्या नावावर का चढवायचा? ताईंना किंवा तुम्हाला विल्सन निघाला तरच तिचा विचार वेगळा करावा लागेल.

भाचीच्या स्थळांविषयी. ऑटोइम्यून हेपेटायटिस पक्का असेल, तर कोणी विचारल्यास ‘आईला यकृताचा आजार आहे, तो औषधाने आटोक्यात आहे, मुलीला पुढील दहा वर्षांत तो होण्याची शक्यता हजारात एकाच्या घरात आहे’ असे सरळ सांगता येते, आणि ते खरे आहे. समोरच्यांनी जनुकीय अहवाल मागितला तरी देऊ नये, कारण असा कोणताही अहवाल या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. विल्सन निघाला तर भाचीकडे एक प्रत नक्की असेल. एकच प्रत असणारा माणूस आजारी नसतो, पण मग तिचे लग्न नात्यात न करणे हे एकच पथ्य कुटुंबाने पाळावे. आपल्याकडे ‘मामाची मुलगी’ हे अजूनही कौतुकाने बोलले जाते, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

शेवटी लघवीतील तांब्याविषयी, कारण ही तपासणी जितक्या वेळा चुकते तितकी दुसरी कोणतीही चुकत नाही. डबा लॅबकडूनच घ्यावा, धातूमुक्त प्लास्टिकचा. घरातील तांब्या, पितळी भांडे किंवा पाण्याची जुनी बाटली चालत नाही. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यावी आणि वेळ लिहून ठेवावी. त्यानंतर दिवसभराची आणि रात्रीची प्रत्येक लघवी डब्यात जमा करावी, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळची पहिली लघवी डब्यात घालून डबा बंद करावा. एक वेळ जरी चुकली तरी सगळे पुन्हा करावे, अंदाजाने भर घालू नये. ताई तांब्याच्या भांड्यातील पाणी पीत असतील तर ते आतापासूनच थांबवावे. तो आकडा, सेरुलोप्लाझ्मिन आणि मामींनी सांगितलेली थरथरीची हकिकत, एवढे हाती आले की येथेच लिहा. लॅबच्या माणसाला तोपर्यंत थांबायला सांगा.